आईला न आणता आले

सातारा,
आश्विन वद्य पंचमी

प्रिय चिमणे,

सात महिने तुला पत्र नाही, फोन नाही. माझा गुडघा तसाच, यांची साखर आटोक्यात. लिहायला बसले ती आईपायी.

तिला कायमची इकडे आणायला गुहागरला गेले होते. भाद्रपदात मागच्या दारी चिऱ्यावरच्या शेवाळावरून घसरली, मनगट मुरगळलं. तेव्हाच दादाचं नि माझं ठरलं होतं. उंब्रज-पाटण करत कुंभार्ली उतरले, तर खाली हळवं भात पिवळं झालेलं. घरी पडवीची झापं काढलेली, चार महिने काळोखात असलेल्या जमिनीवर ऊन आलेलं आणि आई ती सारवतेय. दुखऱ्या हाताने! मी ओरडलेच. तर म्हणाली, "आत्ता कुठे चांगले दिवस आलेत, नि तू मला न्यायला आलीस?"

खरंच गं, काय दिवस होते! श्रावणात बोलणं ऐकू देत नाही ती गाज, आता कान दिला तरच येते. दुपारी उकडतं, पण उन्हं कलली की आगरातून वारा सुटतो. कोजागिरीला दूध आटवून आम्ही दोघी मागच्या कवाडातून सुरूच्या बनापलीकडे गेलो. पौर्णिमेची भरती बाराच्या सुमाराची, पाणी पार वर आलेलं. आई पदर खोचून घोटाभर पाण्यात उभी. तू तिथेच सुरूच्या खोडाला भूत समजून किंचाळली होतीस ना? ते आठवून ती एवढी हसली की पेल्यातलं दूध सांडलं.

मी तिला न घेताच परतले. दादा बोलत नाहीये. रात्री-अपरात्री काही झालं तर चिपळूण 45 किलोमीटर, हे मला का कळत नाही? इथे गच्चीतून अजिंक्यतारा बघत चहा घेते नि ती मोरी आठवते, ते चिरे आठवतात. चहा निवून जातो. शेजारची मुलगी रात्री आईच्या सोबतीला येते, पण तिचंही लग्न होईलच की.

तू म्हणाली होतीस, "तिला उपटून आणू नकोस, तिथेच माणूस ठेव." त्यावर मी तुझ्या सासूबाईंवरून जे बोलले, ते बोलायला नको होतं. फोन उचलायचा धीर झाला नाही तो त्यामुळे.

लेकीचं ठरलं, वहिनीकडून कळलं. फार आनंद झाला, तारीख कळव. कंदी पेढे माझ्याकडून.

दिवाळीनंतर पुन्हा जातेय. मोरीत धरायला दांडी बसवायचीय, चिरे टाचून खरबरीत करून घ्यायचेत. तू येशील? दादाला काय सांगायचं तेही तूच सांग. आई सारखी विचारत होती, "ती भुताला घाबरणारी का येत नाही?"

तुझीच,
माई