ताई, हे चारचौघांत सांगायचं होतं

प्रिय ताई,

समोर बसून आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. तुम्ही नेमकं काय केलंत ते इतर आईवडिलांनाही कळावं, हाही हेतू आहेच.

वाचायला-लिहायला अडखळणाऱ्या मुलांना तुम्ही शिकवता. तुमच्याकडे येईपर्यंत आमच्या अशाच लेकावर एकच उपाय चालू होता: आणखी वाच, आणखी लिही. शुद्धलेखनाची पानंच्या पानं. तुम्ही मात्र पहिल्या भेटीत पुस्तक उघडलंच नाहीत. डोळे-कान तपासून झालेत ना, एवढं विचारलंत आणि त्याच्याशी खेळत बसलात. "'दार' म्हण. आता 'द' काढून 'त' घाल." रंगवून रंगवून गोष्टी सांगणारा मुलगा तिथे गप्प झाला. शब्दातले आवाज सुटे करणं त्याला जड जातं, हे तेव्हा उमगलं. हुशार असूनही वाचन-लेखन असं जड जाणं म्हणजे डिस्लेक्सिया; मी मात्र अक्षरं उलटी दिसणं म्हणजेच डिस्लेक्सिया, असं धरून चालले होते. सुरुवातीला कितीतरी मुलं अक्षरं उलटी काढतात, हे तुम्ही सांगितलंत.

मग आवाज तोंडाने म्हणायचा, त्याच वेळी बोटाने वाळूत अक्षर गिरवायचं. 'घ' पक्का होईपर्यंत 'ध'ला हात लावायचा नाही. पहिली वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते, उच्चारताना मात्र नंतर. 'सूर्य'मधला र् आपण 'य'च्या आधी म्हणतो आणि बसवतो 'य'च्या डोक्यावर. आपण जसं बोलतो तसंच लिहितो, हा माझा अभिमान त्याच्या शेजारी बसून जरा उतरलाच.

1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी वाचता न येणाऱ्या चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाबद्दल लिहिलं होतं. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत सर्वांत तल्लख ठरेल, असं त्याचे मास्तर म्हणत. हे तुम्ही सांगत होतात तेव्हा शेजारी माझ्या लेकाचा काका बसला होता. त्याला लहानपणी घरात सगळे 'ढ' म्हणायचे. असं घराण्यात उतरू शकतं, हे ऐकल्यावर त्याने तुम्हाला इतके प्रश्न विचारले की आमची वेळ संपून गेली.

पाढे पाठ होत नाहीत म्हणून आम्ही डिस्कॅल्क्युलियाचीही, म्हणजे संख्या आणि गणितच समजायला जड जाण्याची, धास्ती घेतली होती. तुम्ही मणी मांडून पाहिलंत. संख्येची समज पक्की होती, अडत होतं ते पाठांतर. मग शाळेसाठी चिठ्ठी लिहून दिलीत: परीक्षेत जास्त वेळ द्यावा, प्रश्न वाचून दाखवावेत, वर्गात अचानक उभं करून वाचायला लावू नये. त्या शेवटच्या ओळीनंतर सकाळची पोटदुखी थांबली. बाकी सगळं नंतर झालं असतं तरी चाललं असतं.

हे पूर्ण जाईल असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. तो अजून सावकाश वाचतो, जोडाक्षरांशी भांडतो. अवघड पुस्तकं कानाने ऐकतो आणि त्यावर आमच्याशी वाद घालतो. पुढच्या वर्षी इंग्रजीचं लेखन वाढेल, तेव्हा पुन्हा तुमच्या दाराशी येऊच.

तुमची,
एक आई