बाबा, यंदा नुसता थर्ड पार्टी नको

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, "गाडी आठवड्यातून एकदा निघते, यंदा विमा नुसता थर्ड पार्टी काढतो, तेवढेच पैसे वाचतील," असं तुम्ही फोनवर म्हणालात. मला हे पटत नाही. का पटत नाही ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

थर्ड पार्टी हा 1988च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरचं कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी देते, तिला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या गाडीचं, भिंतीचं, दुकानाचं नुकसान मात्र साडेसात लाखांपर्यंतच. हा विमा दुसऱ्यांसाठी आहे. आपली गाडी चोरीला गेली, जळाली, तिच्यावर झाड पडलं, तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. ते सगळं ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात येतं. तुमची गाडी चालते कमी आणि उभी जास्त असते, म्हणून तुम्हाला ओन डॅमेजचीच जास्त गरज आहे. त्यात आपलं घर ठाण्यात, नौपाड्यात. वंदना डेपोच्या बाजूला पाऊस वाढला की काय होतं ते मी तुम्हाला काय सांगणार!

पाण्याबद्दल मात्र नीट वाचा, कारण घोळ नेमका इथेच होतो. उभ्या गाडीत पुराचं पाणी शिरलं तर सीट, कार्पेट, वायरिंग यांचा खर्च ओन डॅमेजमधून मिळतो. पण पाण्यात उभ्या गाडीला कुणी चावी फिरवली आणि पाणी आत ओढलं जाऊन इंजिन लॉक झालं, तर कंपनी म्हणते की हे पुराचं नुकसान नाही, गाडी सुरू केल्यामुळे झालेलं पुढचं नुकसान आहे. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असलेल्या विम्यात, ते बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकव्हर वेगळं घ्यावं लागतं. ते आपण घेऊच. तरीही 26 जुलै 2005सारखा दिवस पुन्हा उगवला, तर बाबा, गाडीला हात लावू नका. फोटो काढा, कंपनीला फोन करा आणि टोइंगची गाडी येऊ दे. आई, त्यांच्या हातातून किल्ली काढून घ्यायचं काम तुझं.

आता खिशातून काय जाईल ते. गाडीला चार वर्षं पूर्ण होतात, म्हणजे पुढच्या वर्षभरात पत्र्याचा भाग बदलला तर कंपनी 35 टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची घट, कापणार. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर 50 टक्के. काचेवर काही कापत नाहीत. समजा 12,000चा बंपर बदलला, तर 6,000 आपले. शिवाय आपलं इंजिन 1500 सीसीच्या आतलं आहे, म्हणून प्रत्येक क्लेमला 1,000 रुपये सक्तीने आपल्याकडे. झीरो डेप हे जोडकव्हर घेतलं तर घसाऱ्याची कपात टळते, ते 1,000 मात्र भरावेच लागतात. उभी राहून बॅटरी उतरली, क्लच झिजला, एसी बंद पडला, तर यातलं काहीच विम्यात नाही. टायरचंही तसंच: गाडीला अपघात होऊन टायर गेला तरच अर्धे पैसे, नुसता फुटला तर नाही.

प्रीमियम कमी दाखवण्यासाठी एजंट आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, खाली आणेल. त्याला हो म्हणू नका. गाडी चोरीला गेली की जास्तीत जास्त तेवढेच पैसे मिळतात.

बाबा, तुमच्या लायसन्सची तारीख आजच बघा. पंचावन्न ओलांडल्यावर ते एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं. मुदत संपलेली असताना अपघात झाला, तर गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नाकारतात. सोसायटीतलं कुणी एअरपोर्टला जायला गाडी मागतं, त्याचंही तेच: चालवणाऱ्याचं लायसन्स चालू हवं. आणि भाडं म्हणून पैसे घेऊन गाडी कधीही देऊ नका, खासगी गाडीच्या पॉलिसीत ते चालत नाही. दारू पिऊन चालवलं तर क्लेम नाहीच, हे आपल्या घरात सांगायची गरज नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी पुढच्या गोष्टीची आहे. पॉलिसीत 15 लाखांचा अपघात विमा असतो, तो गाडीच्या मालकाचा, म्हणजे एकट्या बाबांचा. आई, तू कायम शेजारच्या सीटवर असतेस आणि तुझं नाव त्यात कुठेच नाही. प्रवाशांचं अपघात कव्हर वेगळं जोडता येतं. गाडीच्या मानाने त्याचा प्रीमियम किरकोळ असतो आणि ते घेतल्याशिवाय मी तुम्हाला पैसे भरू देणार नाही. हे कव्हर मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतं. हात मोडून प्लास्टर घालावं लागलं तर तो खर्च मेडिक्लेममधूनच, म्हणून मेडिक्लेमचा हप्ता चुकवू नका.

खर्चाचं म्हणाल तर चार वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणून ओन डॅमेजच्या प्रीमियमवर यंदा 45 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे तेवढी सूट आहे. नुसता थर्ड पार्टी काढून ओन डॅमेज सोडलं आणि 90 दिवस उलटले, तर हा बोनस जातो. क्लेम केला तरी तो शून्यावर येतो, तेव्हा गेटला घासून आलेल्या ओरखड्यासाठी क्लेम करू नका, तीन हात नाक्यावरच्या आपल्या गॅरेजमध्ये खिशातून करून घ्या.

आई, गाडीची दुसरी किल्ली कपाटात आहे का बघून ठेव. चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.

एजंटाला सांगा: कॉम्प्रिहेन्सिव्ह, इंजिन प्रोटेक्ट, झीरो डेप आणि प्रवाशांचं कव्हर, असं मिळून कोटेशन दे. कागद आला की त्याचा फोटो मला पाठवा. मी वाचून फोन करते, मगच पैसे भरा.

तुमची लेक