नाईट ड्युटीच्या सिस्टर, तुम्हाला सांगायचं राहून गेलं

सिस्टर, तुमचं नाव मला माहीत नाही. त्या रात्री बॅज वाचायचं भान नव्हतं आणि नंतर विचारलं तेव्हा कळलं की तुमची ड्युटी बदलली. लेक आता अडीच वर्षांची आहे, घरभर पळते, कशालाही आधी "नाही" म्हणते, आणि ती झोपली की मला अजून बाळंतपणानंतरची ती तिसरी रात्र आठवते आणि डोळे भरून येतात.

टाके दुखत होते, निपलला चिरा पडलेल्या, छाती दाटून दगड झालेली, आणि बाळ तोंड लावलं की जरा ओढायचं नि रडत सुटायचं. वजन जन्मापेक्षा कमी भरलं तेव्हापासून येईल तो एकच म्हणत होता, आईला दूधच नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी बाळ कसं पितंय ते एकदाही बघितलं नाही, फाइल बघितली, पावडर लिहिली, पुढच्या बेडकडे गेले. घरच्यांचं "आमच्या वेळी असं नव्हतं" चालूच. तुला दुखतंय का असं एकानेही विचारलं नाही हो! राग आहे मला, अजून आहे. पावडर वाईट असं माझं म्हणणं नाही, ज्या बाळाला लागते त्याला द्यावीच, पण आधी बघा तरी.

तुम्ही रात्री तीनला आलात. वाटलं, आता ह्याही बोलणार. तुम्ही बाळाला हात लावायच्या आधी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिलात. "आधी तू पाणी पी, ती मिनिटभर रडली तर काही होत नाही." मग पायथ्याची उशी उचलून माझ्या कोपराखाली सारलीत. बस, एवढंच. पण ती उशी खाली आली तेव्हा मला कळलं की तीन दिवस मी खांदे वर ओढून, श्वास धरून बसले होते. खांदे खाली आले आणि मी जी रडले, तुम्ही काही न बोलता पाठीवर हात ठेवून उभ्या राहिलात, घड्याळाकडे एकदाही बघितलं नाहीत.

नंतरचं तुम्ही हळूहळू दाखवलंत. तिचं पोट माझ्या पोटाला लागलेलं, नाक निपलसमोर, जांभई दिल्यासारखा मोठा आ केला की मगच जवळ घ्यायचं, आपण वाकायचं नाही, तिला आणायचं, नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. चौथ्या का पाचव्या खेपेला जमलं. दुखलं नाही. आणि गिळल्याचा अगदी बारीक आवाज आला. तुम्ही म्हणालात, "ऐकलंस?"

तुमचं कामच होतं ते, असं कोणी म्हणेल. काम तर सगळ्यांचंच होतं ना. त्यानंतर दात येताना, तापात, रात्री-अपरात्री मला अशी आणखी माणसं भेटली, रांगेत आपला नंबर सोडणारी, रडणारं पोर बघून तोंड न वाकडं करता पिशवी धरणारी, आणि प्रत्येक वेळी मला ती उशी आठवली. अशा माणसांच्या जिवावरच आम्ही आया तगतो, खरंच सांगते.

जाताना तुम्ही म्हणाला होतात, सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, बहुतेक बाळांचं 10 ते 14 दिवसांत भरून येतं, 24 तासांत 8 ते 12 वेळा पाज, आणि दूध पिळून मोजत बसू नकोस, लंगोट मोज. "पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा ओले झाले की समज पोट भरतंय. झाले की मला सांग हं."

मी कागदावर रेघा ओढत होते. सहाव्या दिवशी तो कागद घेऊन तुम्हाला शोधत वॉर्डच्या दारापर्यंत आले होते.

सिस्टर, सात झाले होते.