पिंपळाच्या पाटीवरचे लॅटिन

संपादक महोदय,

फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकणाऱ्यांना विशेषणांचे प्रत्यय तक्त्यावरून घोकायला लावतात. या भाषा लॅटिनमधूनच निघाल्या, त्यामुळे मुंबईत त्यासाठी बागेतल्या झाडांच्या पाट्यांवरची लॅटिन नावे पुरेशी आहेत.

पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’, उंबर ‘फायकस रॅसिमोसा’, वड ‘फायकस बेंगालेन्सिस’. तिन्ही नावे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली छापली. लॅटिन ‘रासेमुस’ म्हणजे घोस आणि ‘-ओसुस’ म्हणजे ‘-ने भरलेला’. खोडाला लगडलेली उंबरे पाहिली की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. हा प्रत्यय स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीजमध्ये ‘-ओसो’ म्हणून टिकला. फ्रेंचमध्ये तो इतका झिजला की पुल्लिंगात शेवटचे व्यंजन ऐकूच येत नाही. स्त्रीलिंगात मात्र ते ‘झ’ होऊन परत येते.

पाटी रंगवताना ‘फायकस’ पाहून ‘रिलिजिओसस’ लिहिण्याचा मोह होतो. ते चूक. लॅटिनमध्ये झाडांची नावे बहुधा स्त्रीलिंगी असतात, शेवट पुल्लिंगी वाटणारा ‘-उस’ (पाटीवरचा ‘-अस’) असला तरी. वडाच्या नावातल्या ‘-एन्सिस’ला (म्हणजे ‘तिथला’) ही अडचण नाही, पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूप एकच, नपुंसकलिंगी तेवढे ‘-एन्से’.

या ‘-एन्सिस’मधला ‘न’ बोलीत फार लवकर गळाला. म्हणून इटालियन ‘मिलानेसे’, स्पॅनिश ‘इंग्लेस’, पोर्तुगीज ‘गोएश’, म्हणजे गोव्याचा. पण पुढे पंडितांनी तोच प्रत्यय पोथीतून जसाच्या तसा उचलला, आणि स्पॅनिशमध्ये लंडनचा तो ‘लोन्दिनेन्से’ झाला. आपल्याकडे ‘आग’ आणि ‘अग्नी’ शेजारी नांदतात तसेच हे. तद्भव-तत्सम शाळेत शिकलेल्या मराठी मुलाला हे एका वाक्यात कळते, तरी शिकवताना कोणी तिकडे बोट दाखवत नाही.

फ्रेंचमध्ये तर या भेदावर अनेकवचन ठरते. ‘-संबंधी’ अर्थाच्या लॅटिन ‘-आलिस’चे तद्भव रूप ‘मोर्तेल’ (मर्त्य): अनेकवचनात उच्चार तोच. तत्सम ‘नासिओनाल’चे (राष्ट्रीय) मात्र ‘नासिओनो’. (‘नावाल’, म्हणजे नौदलाचा, यासारखे थोडे अपवाद पाठच करावेत.) मूळ शब्दात आधीच ‘ल’ असला, तर रोमन जीभ दुसरा ‘ल’ बहुधा टाळून ‘र’ म्हणे, म्हणून ‘नावालिस’ (जहाजांचा), पण ‘सोलारिस’ (सूर्याचा).

अर्थ मात्र प्रत्ययावरून ताडू नये. आपले राज्यफूल ताम्हण, ‘लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा’. इथे ‘स्पेसिओसा’ म्हणजे देखणी. त्याच शब्दाचे फ्रेंच रूप युक्तिवादाला लावले, तर तो वरवर पटणारा, आतून पोकळ ठरतो.

— एक भाषाशिक्षक, दादर, मुंबई