रोमच्या जुन्या चौकात, फोरममध्ये, माईक बंद करणाऱ्या गाईडताईंना

ताई, तुमचं नाव विचारायचंच राहिलं, बस सुटायची घाई होती, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. मराठी तुम्हाला येत नाही, पण मुलगा इंग्लिश करून देतो म्हणालाय. तोच, टोपीवाला, सगळ्यांच्या मागे रेंगाळणारा.

आम्ही जूनमध्ये रोमला आलो होतो. ऊन असं की दगडाला हात लागला तर चटका बसायचा. आदल्या दिवशी दुसऱ्या एका गाईडने सीझर कुठे मारला ती जागा दाखवली, २३ वार, आता इथे मांजरं राहतात, फोटो काढा, चला. माझ्या मुलाचा चेहरा मी बघत होते. त्याचे बाबा जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. सकाळची वेळ, डबा भरून ओट्यावर ठेवलेला, आणि माणूस गेला. नंतर जो आला तो पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, आता तूच घरातला कर्ता, रडायचं नाही. अठरा वर्षांच्या मुलाला! एका समुपदेशकाकडे नेलं तर ते अख्खा वेळ घड्याळाकडे बघत होते. पोरगं बोलायचंच बंद झालं, हो आणि नाही, बास.

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही. वेस्टा देवीच्या पुजारणींच्या घराच्या अंगणात, ते डोकी उडालेले पुतळे ओळीने उभे आहेत ना तिथे, तुम्ही हेडफोनवर सांगत होतात की सहाजणी असायच्या, तीस वर्षं अग्नी राखायच्या. मध्येच तुमचं लक्ष त्याच्याकडे गेलं, तो एकटाच मागे बसला होता. तुम्ही ग्रुपला फोटोला सोडलंत, गळ्यातला माईक बंद केलात आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलात. माझ्या कानात खट्ट करून आवाज गेला. लांबून मला फक्त तुमचे हात हलताना दिसत होते, आणि मग तो काहीतरी विचारताना दिसला. माझा मुलगा आपणहून प्रश्न विचारत होता ताई.

रात्री हॉटेलवर साडेअकराला तो पलंगावर मांडी घालून बसला आणि मला सगळं सांगितलं. सीझरचे वडील तो १५-१६ वर्षांचा असताना गेले, सकाळी बूट घालताना, अचानक. आत्या मारियसला दिलेली, बायको कॉर्नेलिया ही सिन्नाची मुलगी, म्हणजे दोन्हीकडून सुल्ला या रोमन सेनापतीच्या शत्रूंशी नातं. इ.स.पू. ८२ मध्ये सुल्लाने रोम घेतलं आणि मारायच्या माणसांच्या याद्या याच फोरममध्ये लावल्या, पहिल्या दिवशी ८० नावं, मग २२०, मग आणखी तेवढीच. कोणी लपवलं तर त्यालाही मरण, मग तो सख्खा भाऊ असो की मुलगा. सीझरला सांगितलं बायकोला सोड. पॉम्पे त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, सैन्याचा सेनापती, त्याने अशाच हुकमावर बायको सोडली. ह्या अठरा वर्षांच्या मुलाने नाही म्हटलं. पौरोहित्य गेलं, हुंडा गेला, वाडवडिलांची इस्टेट गेली, आणि हा सॅबिन लोकांच्या मुलखात पळाला. अंगात हिवताप, रोज रात्री नवीन घर. एका रात्री एका घरातून दुसऱ्या घरात नेत असतानाच सैनिकांनी पकडलं. त्यांच्या अधिकाऱ्याला दोन टॅलेंट (तेव्हाचं चांदी मोजायचं मोठं माप) देऊन सुटला. मुलगा म्हणाला, आई, यादीतलं एक डोकं आणून दिलं की बक्षीसही दोन टॅलेंटच होतं, म्हणजे रेट तोच. (कॉमर्सचा आहे, हे त्याच्या लगेच लक्षात आलं.) पुढे सगळी सत्ता हातात आल्यावरही सीझरने त्या अधिकाऱ्याला काही केलं नाही.

शेवटी वेस्टाच्या त्या पुजारणी, त्याच्या नात्यातला मामर्कस एमिलियस आणि आईकडचा नातेवाईक ऑरेलियस कॉट्टा यांनी सुल्लाकडे शब्द टाकला. तो कुरकुरला, ह्या पोरात अनेक मारियस आहेत म्हणाला, पण सोडलं. सहा बायकांना या मुलाशी काय देणंघेणं होतं, तरी बोलल्या.

पण मुलाच्या डोक्यात राहिला तो तुमचा प्रश्न. तापात असलेल्या सीझरला त्या रात्री एका घरातून दुसऱ्या घरात सांभाळून नेणारे कोण होते? त्यांची नावं कोणीच लिहून ठेवली नाहीत, असं तुम्ही म्हणालात. हे सांगताना तो रडला, दहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि मी त्याला गप्प बस म्हटलं नाही, मीही रडले. तुम्ही त्याला धीर धर म्हणाला नाहीत, मोठा हो म्हणाला नाहीत, नुसतं त्याच्याच वयाच्या एका मुलाला कोणीतरी सांभाळून नेलं एवढं सांगितलंत. अशी माणसं आहेत म्हणून बरं आहे, पैसे तर तुम्हाला सगळ्या ग्रुपचे मिळत होते, तरी ती दहा मिनिटं तुम्ही एकाला दिलीत.

घरी आल्यावर त्याने बाबांचे बूट रॅकमधून काढले, पॉलिश केले आणि परत तिथेच ठेवले. जेवताना आता बोलतो, कधी कधी फार बोलतो.

कोणी रोमला जाणार असेल तर बघा, केस पांढरे आणि आखूड, खांद्याला हिरवी कापडी पिशवी, इंग्लिश सावकाश बोलतात. भेटल्या तर हे पत्र त्यांना दाखवा आणि नाव तेवढं विचारून मला कळवा.