ऑपरेशनआधी दवाखान्यात एवढं करून ठेवा

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे. आई, वेळेवर जेवते, गरम कपडे भरपूर आहेत आणि रात्रपाळी नसते. इथे इंग्लंडमध्ये मी काम करते तो जीपीचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा, दवाखाना संध्याकाळी साडेसहाला बंद होतो. फोनवर सांगून तुझा विश्वास बसत नाही म्हणून लिहून पाठवते आहे. आवाज बसलेला वाटतो तो दिवसभर बोलून, दुसरं काही नाही.

बाबा, मोतीबिंदूची तारीख घेतलीत हे फार बरं केलंत. त्याआधी एक गोष्ट. तुम्ही प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेता, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिल्याच तपासणीत आपणहून सांगा. त्या गोळीने बुबुळाचा रंगीत पडदा सैल पडतो, ऑपरेशन चालू असताना फडफडतो आणि बाहुली मध्येच लहान व्हायला लागते. चार दिवस आधी गोळी थांबवून भागत नाही, परिणाम पुढे बराच काळ राहतो. आधी माहीत असलं की सर्जन बाहुली उघडी धरणारी रिंग किंवा हुक जवळ ठेवतात. तुम्ही स्वतः डॉक्टर, म्हणून तुम्हाला कोणी विचारायचंच नाही, याची मला जास्त भीती वाटते.

इथे एका पेशंटला दहाच मिनिटं मिळतात, त्यावर तुम्ही म्हणालात, दहा मिनिटांत पेशंट काय कळणार. कळतो, बाबा. इथली एक रीत मात्र तुम्हाला अजब वाटेल. इथे पेशंट रिकाम्या हाताने येतो. रिपोर्टची पिशवी नाही, एक्स-रे नाही, गोळ्यांची पाकिटं नाहीत. कोणत्या गोळ्या चालू आहेत विचारलं तर म्हणतो, ते तुमच्याकडे असेलच की! आणि खरंच असतं. प्रत्येक माणसाचं नाव कुठल्या तरी एका दवाखान्यात नोंदलेलं असतं. हॉस्पिटलमधून सुटला की डिस्चार्जचं पत्र त्या दवाखान्यात जातं. तो दुसऱ्या गावी राहायला गेला, तिथल्या दवाखान्यात नाव घातलं, की फाइल त्याच्यामागे तिकडे जाते. हे कॉम्प्युटर आल्यापासूनचं नाही. १९११ साली लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना विम्याचा कायदा झाला, त्या योजनेपासून हातात मावणारी जाड कागदाची पाकिटं आली. आजही त्यांना लॉइड जॉर्ज पाकिटंच म्हणतात. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली १९४८ साली, पाकिटं त्याच्याही आधीची. आता ती स्कॅन होत चालली आहेत. माणूस गेल्यावरही त्याची फाइल १० वर्षं ठेवावी लागते. म्हणजे तो खुर्चीवर बसायच्या आधी मी त्याचं सगळं वाचलेलं असतं. दहा मिनिटं पुरतात ती त्यामुळे.

आपल्या दवाखान्याची फाइल तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही खुर्चीत असेपर्यंत ती कुठल्याही कॉम्प्युटरपेक्षा चांगली. पण ऑपरेशननंतर तुमच्या जागी बदली डॉक्टर बसतील तेव्हा त्यांच्यासमोर फक्त केसपेपर असेल आणि त्यावर तारीख, बीपी आणि 'गोळ्या चालू' एवढंच. म्हणून ऑपरेशनआधी कंपाउंडर काकांना घेऊन बसा. सगळ्या पेशंटांचं लिहायला जाऊ नका, कधीच संपणार नाही. अनोळखी डॉक्टरच्या हातून एकाच भेटीत ज्यांचं नुकसान होऊ शकतं, तेवढेच निवडा. काकांना ती नावं तोंडपाठ असतील.

प्रत्येकाचा एकच कागद करा. वर लाल शाईने ॲलर्जी. पण नुसतं 'पेनिसिलिन ॲलर्जी' नको, काय झालं होतं ते लिहा. अंगावर गांधी उठल्या, घसा सुजून श्वास अडकला, की नुसते जुलाब झाले? ॲलर्जीचा शिक्का बसलेल्या दहातल्या जवळजवळ नऊ जणांना तपासल्यावर खरी ॲलर्जी निघत नाही, आणि शिक्क्यापायी माणूस आयुष्यभर चांगल्या औषधाला मुकतो. त्याखाली चालू गोळ्या, कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव, डोस आणि ती का सुरू केली ते. हे 'का' कोणीच लिहीत नाही. मग शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), शुगर आणि घरी फोन कोणाला करायचा. तळाला 'हे करू नका' अशी एक ओळ. मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते.

कारण घोळ असे होतात. बीपीच्या पेशंटला अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येते. नवा डॉक्टर सूज बघून लघवीची गोळी वाढवतो, त्याने सूज फारशी जात नाही, उलट सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि म्हातारं माणूस चक्कर येऊन पडतं. कागदावर 'सूज अ‍ॅम्लोडिपिनची, हृदय तपासलंय' एवढं असलं तरी हे टळतं. गुडघेदुखीवाल्यांचं तसंच. बीपीची एनालाप्रिल आणि लघवीची गोळी चालू असताना वरून दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक पडलं तर किडनी बसते. शुगरवाल्यांचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, लिहा. ४५ च्या खाली गेला तर शुगरची मेटफॉर्मिन कमी, ३० च्या खाली बंद.

हृदयाच्या कृत्रिम झडपवाल्यांचा कागद सगळ्यात वर ठेवा. रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम चालू असताना जुलाबावर सवयीने मेट्रोनिडाझोल लिहून दिलं जातं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा) चढतो आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त सुरू होतं. कोणती झडप, आयएनआर किती हवा, शेवटचा कधी काढला, हे तिन्ही लिहा. मायट्रल झडप बदललेली असेल तर साधारण २.५ ते ३.५.

संधिवाताच्या तापाने लहानपणी झडप खराब झालेली मुलं दर २१ दिवसांनी येतात. त्यांचं बेंझाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिटचं इंजेक्शन नवा डॉक्टर रिॲक्शनच्या भीतीने टाळेल, आणि चुकलेल्या इंजेक्शनांमुळे ताप परत आला तर झडप आणखी जाते. पुढची तारीख लिहाच. जोडीला हेही लिहा: सुई २१ नंबरची घ्यायची, बारीक सुईत पावडर अडकते. पाणी घातल्यावर नीट हलवून लगेच द्यायचं, कुल्ल्यात खोल आणि सावकाश. शिरेत कधीही नाही. रिॲक्शन आलीच तर लागणारी ॲड्रेनालिनची ॲम्प्यूल ट्रेमध्येच असू द्या, कपाटात नको.

सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) घेणाऱ्या आजींची गोळी एकदम बंद करायची नाही. ताप आला तर उलट काही दिवस दुप्पट. फिटवाल्यांच्या फेनिटॉइनची कंपनी बदलायची नाही; डोस जरासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं आणि पेशंट झोकांड्या खात येतो.

आणि पेशंट गोळी रंगावरून ओळखतात. दुकानदाराने कंपनी बदलली की जुनी गुलाबी आणि नवी पांढरी, दोन्ही घेतात. काकांना सांगा, स्ट्रिपचा नाव असलेला तुकडा कापून कागदाला चिकटवायचा. कापताना नेमकं नाव आणि एक्सपायरीच उडते, तेवढं बघायला लावा.

बाबा, नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा डॉक्टर १५ वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांच्यात तातडीने ॲडमिट व्हायचं प्रमाण आणि मृत्यूचं प्रमाणही सुमारे पाव भागाने कमी दिसलं, वर्षभराच्या ओळखीवाल्यांच्या तुलनेत. तुम्ही इतकी वर्षं काय केलंत, ते हे आहे. बदली डॉक्टरांना ते एका दिवसात देता येणार नाही, पण कागदाने थोडं तरी देता येईल.

आई, थेंब साधारण ४ ते ६ आठवडे चालतील. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडायची. डोळा चोळायचा नाही, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. डोळा दुखायला लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचं. आणि चष्म्याचा नंबर मिळेपर्यंत बाबांना पेशंटांना टाके घालू देऊ नकोस, कितीही म्हणाले तरी.

लेन्सचे पैसे खात्यात जमा केलेत. महागातली-स्वस्तातली करत बसू नका. कर्जाचा हप्ता मीच भरते आहे, त्यात खंड नाही. धाकटीच्या लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्सही माझ्याकडून, तिला म्हणावं तारीख माझ्यासाठी अडवू नका. माझ्यासाठी आलेल्या स्थळाशी बोलले. मुलगा चांगला आहे, पण त्याला वर्षभरात भारतात परतायचं आहे आणि माझं ट्रेनिंग तीन वर्षांचं आहे. त्याला मी स्पष्ट सांगितलं. तुम्ही रागावाल हे ठाऊक आहे.

ऑपरेशनला मला येता येणार नाही. परीक्षा त्याच आठवड्यात आहे, तारीख बदलून मागितली होती, मिळाली नाही. डोळ्याचं ऑपरेशन आता अर्ध्या तासाच्या आत होतं, संध्याकाळी घरी सोडतात, त्यामुळे काळजीचं काहीच नाही. बाबा, बदली डॉक्टर पेशंटांना आवडले तर त्यांना नंतरही आठवड्यातले दोन-तीन दिवस बसू द्या. माझ्यासाठी म्हणून जागा रिकामी ठेवू नका. तीन वर्षांनंतरचं मी आत्ता खात्रीने सांगू शकत नाही, आणि तोवर पेशंटांनी का थांबावं?

पहिले कागद झाले की काकांना फोटो काढून पाठवायला सांगा. रविवारी बसून वाचते आणि काही राहिलं असेल तर लगेच कळवते.

तुमची,
मोठी लेक