प्रथिनांच्या अभ्यासाची प्रात्यक्षिके महाविद्यालयांत खरोखर व्हावीत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्याच गल्लीत राहणारी, विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी प्रोटिऑमिक्स (पेशीतील सर्व प्रथिनांचा एकत्रित अभ्यास) या प्रकरणातील काही शंका घेऊन माझ्याकडे आली होती. सोडियम डोडेसिल सल्फेट या डिटर्जंटचा रेणू प्रथिनाच्या साखळीला चिकटून तिच्यावर सर्वत्र ऋण भार चढवतो आणि त्यामुळे विद्युतप्रवाह सोडल्यावर प्रथिने जेलमधून (मऊ, जाळीदार थरातून) आपापल्या वस्तुमानानुसार पुढे-मागे सरकतात, हे तिला तोंडपाठ होते. आकृतीही तिने नेटकी काढली होती. मात्र जेल ओतल्यावर घट्ट व्हायला किती वेळ लागतो, असे मी सहज विचारले आणि ती गप्प झाली. तिच्या महाविद्यालयात जेलचा संच आहे. तो दोन वर्षांत खोक्याबाहेर निघालेला नाही, आणि जर्नलमध्ये मात्र त्या प्रात्यक्षिकाखाली सही झालेली आहे. पुस्तकातली वांगी पुस्तकातच राहिली. जीवरसायनशास्त्र शिकवण्यात उभे आयुष्य घालवलेल्या मला हे फार लागले, म्हणून आपल्या पत्राद्वारे हा विषय पालक, शिक्षक आणि अभ्यास मंडळांपुढे मांडत आहे.

प्रथिने म्हटली की हल्ली व्यायामशाळेतील पावडरचा डबा डोळ्यांपुढे येतो. वास्तविक आपल्या शरीरातील पचन, रक्त गोठणे, स्नायूंची हालचाल, रोगाशी झुंज ही सगळी कामे प्रथिनेच करतात. ‘प्रोटीन’ हा शब्द स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३८ मध्ये सुचवला. ‘प्रोटिओम’ हा शब्द मात्र अगदी अलीकडचा, १९९४ मध्ये मार्क विल्किन्स या ऑस्ट्रेलियातील तरुण संशोधकाने इटलीतील सिएना येथील परिषदेत वापरलेला. एखाद्या पेशीत किंवा ऊतीत एका विशिष्ट वेळी जेवढी प्रथिने असतील त्या सर्वांचा संच म्हणजे प्रोटिओम, आणि त्याचा अभ्यास म्हणजे प्रोटिऑमिक्स. यातील ‘एका विशिष्ट वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्या सांगलीच्या हळदीचे पान घ्या आणि जमिनीतला कंद घ्या. दोहोंतील जनुके तीच असतात. पानातील विद्राव्य प्रथिनांचा मोठा वाटा हवेतील कार्बन बांधून ठेवणाऱ्या रुबिस्को या एका एन्झाइमचा असतो. उजेड न पाहणाऱ्या कंदाला त्याची गरजच नसते. जनुकांची यादी कितीही नीट वाचली तरी पान कोणते आणि कंद कोणता, हे तिच्यावरून सांगता येणार नाही.

माणसात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे वीस हजार आहेत, परंतु प्रथिनांची प्रत्यक्ष रूपे त्याहून कितीतरी अधिक आहेत, कारण प्रथिन तयार झाल्यावरही त्याला फॉस्फेट जोडला जातो, शर्करा जोडली जाते, त्याचे तुकडे होतात. याचे उदाहरण मधुमेह असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून आपण जी एचबीएवनसी तपासणी करून घेतो, तिच्यात ग्लुकोज चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मोजले जाते. ते ग्लुकोज किती चिकटले याची नोंद जनुकात कोठेही नसते. प्रथिनच तपासावे लागते.

आता तपासावे कसे, हा खरा विषय. प्रथिन किती आहे, हे मोजण्याची जुनी पद्धत डेन्मार्कच्या केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिली. तिच्यात पदार्थातील नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरावीक गुणकाने गुणून प्रथिनाचा आकडा काढतात. दुधासाठी हा गुणक ६.३८ आहे. पद्धत भरवशाची आहे, पण नायट्रोजन प्रथिनातून आला की आणखी कशातून, हे तिला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये याच उणिवेचा गैरफायदा घेण्यात आला. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिक बनवण्याचे रसायन मिसळण्यात आले. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनचा असतो, त्यामुळे तपासणीत प्रथिनांचा आकडा भरला. त्या दुधाच्या भुकटीने सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, कित्येकांच्या मूत्रपिंडात खडे झाले आणि सहा बालके दगावली. १९७६ मध्ये ब्रॅडफर्ड यांनी दिलेली निळ्या रंगाची पद्धत नायट्रोजन मोजत नाही, रंगाचा रेणू प्रथिनाला चिकटल्यावर होणारा रंगबदल मोजते. दोन पद्धतींतील हा फरक ज्याने स्वतः परीक्षानळीत पाहिला, त्याला मोजमापाच्या मागचा प्रश्न कायमचा समजतो. आपल्या गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळून उरणारे घन पदार्थ) यांवर दर ठरतो. एसएनएफमध्ये प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार असे सगळे एकत्र येते. ज्या जिल्ह्यात हजारो घरे दुधावर चालतात, तेथील विज्ञानाच्या पदवीधराला त्या आकड्यातील प्रथिन वेगळे काढून पाहता आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

किती आहे हे कळल्यावर कोणते आहे हा प्रश्न येतो, आणि त्यासाठी जेल इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिने जेलमधून सरकवून वेगळी करणे, हे पहिले साधन आहे. आज वापरात असलेली पद्धत लेमली यांच्या १९७० मधील लेखामुळे रूढ झाली. यासाठी महागडे नमुने आणावे लागत नाहीत; सकाळी घरी येणारे दूध पुरते. दूध फिरवून साय वेगळी करावी, उरलेले पातळ करून डिटर्जंट आणि गंधकयुक्त रसायनाबरोबर पाच मिनिटे उकळावे, म्हणजे प्रथिनांच्या घड्या सुटतात. मग निळा रंग मिसळलेला हा नमुना सूक्ष्म पिपेटने जेलच्या खाचेत सोडायचा. हात थोडा जरी हलला तरी तो शेजारच्या खाचेत जातो; पहिल्या दोन-तीन वेळा प्रत्येकाचा जातो. साधारण दीड-दोन तास वीज सोडावी आणि नंतर कुमासी ब्लू हा मुळात लोकर रंगवण्यासाठी बनवलेला रंग चढवून जादा रंग धुवून काढावा. हळूहळू पारदर्शक होत जाणाऱ्या जेलवर निळे पट्टे उमटू लागतात. वर ६६ किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) आसपास अल्ब्युमिन, मध्ये कॅसीन या दुधातील मुख्य प्रथिनाचे ठळक पट्टे, त्याखाली १८ च्या सुमारास बीटा लॅक्टोग्लोब्युलिन आणि तळाशी १४ जवळ अल्फा लॅक्टाल्ब्युमिन. कॅसीनचे वस्तुमान २४ किलोडाल्टनच्या आसपास असूनही जेलवर ते त्याहून जड भासते. असे का, हे मुले स्वतःहून विचारतात, आणि तेथून जो तास रंगतो तसा फळ्यावरच्या आकृतीने मी कधी रंगवू शकलो नाही.

याच प्रात्यक्षिकाला आणखी एक पायरी जोडता येते. कच्चे दूध आणि चांगले उकळलेले दूध स्वतंत्रपणे आम्ल घालून फाडावे. सामू (पीएच) ४.६ च्या आसपास आला की कॅसीन खाली बसते आणि निवळी वर राहते. दोन्ही निवळ्या शेजारी शेजारी जेलवर चालवल्या, तर उकळलेल्या दुधाच्या निवळीत बीटा लॅक्टोग्लोब्युलिनचा पट्टा फिका पडलेला दिसतो, कारण उष्णतेने त्याची घडी उलगडून ते कॅसीनला जखडले गेलेले असते. घरातल्या पातेल्यात रोज घडणारी गोष्ट अशी डोळ्यांना दिसते. एक दक्षता मात्र सांगितलीच पाहिजे. जेल ज्यापासून बनते ते घट्ट होण्यापूर्वीचे अ‍ॅक्रिलअमाइड मज्जासंस्थेला विषारी असते, त्यामुळे हातमोजांशिवाय त्याला हात लावू देऊ नये. हे कारण सांगून प्रात्यक्षिकच टाळले जाते, हे मी पाहिले आहे. तयार द्रावण किंवा तयार जेल घेऊन तो धोका बराच कमी करता येतो.

जेलच्या पुढच्या पायऱ्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे मला मान्य आहे. १९७५ मध्ये ओफॅरेल यांनी प्रथिने आधी विद्युतभारानुसार आणि मग वस्तुमानानुसार अशी दोन दिशांनी वेगळी करून एका जिवाणूची सुमारे अकराशे प्रथिने एकाच जेलवर दाखवली. आता जेलमधील ठिपका कापून त्यातील प्रथिनाचे ट्रिप्सिन या एन्झाइमने तुकडे करतात. ट्रिप्सिन साखळीला लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढेच तोडते, म्हणून कोणत्या प्रथिनाचे कोणते तुकडे पडतील याचा हिशेब आधीच मांडता येतो. मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंची वजने मोजणाऱ्या यंत्रावर त्या तुकड्यांची वजने काढून संगणकातील यादीशी ताडून पाहिली की प्रथिनाची ओळख पटते. एवढे मोठे रेणू न मोडता वायुरूपात कसे आणायचे, याची वाट दाखवल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तनाका यांना २००२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तनाका हे उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत काम करणारे अभियंते होते आणि त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. हे मी प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगत असे.

या साधनांची आपल्या भागाला गरज काय, असे कोणी विचारील. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे आपला जिल्हा देशभर ठाऊक आहे, आणि उसाच्या फडात घोणस चावण्याची धास्ती येथल्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे. सापाचे विष म्हणजे मुख्यतः प्रथिनांचेच मिश्रण. घोणशीच्या विषातील काही प्रथिने रक्त गोठवणारे घटक भराभर कामाला लावून संपवून टाकतात, आणि मग रक्त गोठतच नाही; म्हणूनच डॉक्टर रुग्णाचे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून पाहतात. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते, परंतु त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतून येते. एकाच जातीच्या सापाच्या विषातील प्रथिने प्रदेशागणिक बदलतात आणि त्यामुळे प्रतिविषाचा प्रभावही कमी-अधिक होतो, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी याच पद्धती वापरून दाखवले आहे. साप आणि विष हाताळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगी लागते, ते काम महाविद्यालयाचे नव्हे. परंतु ते काम उद्या करणारी मुले मात्र आपल्याच महाविद्यालयांतून जायची आहेत, आणि दुधाच्या जेलवर ज्यांचा हात बसला नाही त्यांना तेथे पहिली दोन वर्षे केवळ मागचे भरून काढण्यात घालवावी लागतात.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक महाविद्यालयाला शक्य नसेल, तर तालुक्यातील तीन-चार महाविद्यालयांनी मिळून जेलचा एक संच आणि एक सेंट्रिफ्यूज (नमुने वेगाने फिरवणारे यंत्र) चालते ठेवावे व मुलांना वार ठरवून द्यावेत. प्रात्यक्षिक परीक्षेत पाठ केलेल्या कृतीऐवजी विद्यार्थ्याने स्वतः चालवलेल्या जेलचे छायाचित्र आणि त्यावरील त्याचा अर्थ यांना गुण असावेत. फसलेले जेल आणि ते का फसले याचे नीट लिहिलेले कारण यांनाही असावेत. मास स्पेक्ट्रोमीटरची ओळख करून देण्यासाठी आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांची प्रोटिऑमिक्सवरील व्याख्याने एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, ती वर्गात दाखवून त्यावर चर्चा घ्यावी.

त्या मुलीला मी तिच्या शिक्षकांना भेटून संच उघडायला सांग असे सुचवले आहे. सांगली-मिरज परिसरातील जे महाविद्यालय असा संच बाहेर काढील, तेथे दर शनिवारी येऊन मुलांबरोबर जेल ओतायला मी तयार आहे. मानधन नको.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक (जीवरसायनशास्त्र)
विश्रामबाग, सांगली